आपत्तीनंतर घरबसल्या शहराचा नकाशा करता येतो का?

आपण गोव्यातील डिचोलीत भूगोल शिकवता, आपल्याकडे बारावीचे पंचवीसेक विद्यार्थी आणि पंधरा संगणक आहेत. एखाद्या शहराला भूकंपाचा किंवा चक्रीवादळाचा तडाखा बसल्यावर उपग्रहचित्रे पाहून कोसळलेली घरे ऑनलाइन नकाशावर दाखवण्याचे काम या मुलांना देता येईल का, तिथल्या लोकांना त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि उद्या वाळवंटी नदीचे पाणी जवळच्या साखळीच्या बाजारात शिरले तर हेच काम आपल्या भागासाठी करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी व्यवसायाने नकाशांचे काम करतो आणि २०१५ च्या नेपाळच्या भूकंपापासून सवड मिळेल तसा अशा सामुदायिक नकाशांवर स्वयंसेवक म्हणूनही काम करत आलो आहे. उत्तर थोडे लांबेल, कारण आपल्या एका प्रश्नात तीन निरनिराळी कामे मिसळलेली आहेत आणि ती सुटी केल्याशिवाय 'होय' किंवा 'नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

पहिले काम आधारनकाशाचे, म्हणजे रस्ते, पूल, इमारती, नद्या-नाले आणि त्यांची नावे नोंदवण्याचे. दुसरे नुकसानीच्या नकाशाचे, म्हणजे कोणती इमारत पडली आणि कोणती उभी आहे हे सांगण्याचे. तिसरे चालू स्थितीचे: कोणता रस्ता या क्षणी पाण्याखाली आहे, कुठे पिण्याचे पाणी मिळते, कोणते औषधालय उघडे आहे. बातम्यांत या तिन्हींना मिळून 'लोकांनी नकाशा केला' असे म्हटले जाते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साहजिकच दुसरे काम येते, कारण तेच सर्वांत थरारक आहे. माझा अनुभव असा की पहिले काम आपले विद्यार्थी थोड्या शिकवणीनंतर उत्तम करतील, दुसरे त्यांच्याकडे देऊ नये, आणि तिसरे त्या शहरातील माणसांशिवाय कोणालाही करता येणार नाही.

आधारनकाशाला एवढे महत्त्व का, हे हैतीवरून कळते. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेचा भूकंप होऊन पोर्ट-ऑ-प्रिन्स हे राजधानीचे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या आणि कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर, त्या शहराचे मोजके मुख्य रस्ते सोडले तर फारसे काही नव्हते. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रे खुली केल्यावर जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी ती पाहून आणि स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या नकाशांतून नावे घेऊन काही दिवसांत गल्लीबोळांपर्यंतचा नकाशा उभा केला. बचाव पथके तो आपल्या जीपीएस यंत्रांत भरून फिरली. पडलेल्या इमारती आणि मोकळ्या जागांवर आपोआप वसलेल्या छावण्या यांच्या नोंदीही तेव्हा झाल्या, परंतु परदेशातून आलेल्या पथकाची पहिली अडचण साधी होती: अमुक वस्तीपर्यंत ट्रक कोणत्या वाटेने न्यायचा? ती अडचण आधारनकाशाने सोडवली. त्याच वर्षी या कामातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था आकाराला आली. तिला सर्वजण 'हॉट' म्हणतात, आणि आपल्या मुलांना दूरच्या शहरासाठी काम करायचे असेल तर बहुधा तिच्याच व्यवस्थेतून करावे लागेल.

आता नुकसानीच्या नकाशाबद्दल. उपग्रह इमारतीकडे वरून पाहतो, म्हणून त्याला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. भूकंपात काँक्रीटच्या इमारती पुष्कळदा अशा बसतात की तळमजल्याचे खांब मोडतात आणि वरचा स्लॅब जवळजवळ अखंड खाली येतो. वरून पाहणाऱ्याला ते घर धडधाकट वाटते, प्रत्यक्षात मात्र त्याचा एक आख्खा मजला नाहीसा झालेला असतो. अनुभवी माणूस सावलीची लांबी आधीच्या चित्राशी ताडून पाहतो, पण त्यासाठी दोन्ही चित्रांच्या वेळी सूर्य कुठे होता आणि उपग्रह कोणत्या कोनातून पाहत होता, हे ध्यानात घ्यावे लागते. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईएमएस-९८ या मापनात इमारतीच्या नुकसानीच्या पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांपैकी वरच्या दोन, म्हणजे अतिशय मोठे नुकसान आणि पूर्ण विध्वंस, एवढ्याच वरून कशाबशा ओळखता येतात. भिंतींना आरपार गेलेल्या भेगा, सरकलेला जिना, कलंडलेली गच्ची या गोष्टींमुळे घर राहण्यास अयोग्य ठरते, तरीही अवकाशातून त्या दिसत नाहीत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्समधील टाक्लोबान शहर हैयान चक्रीवादळाने आणि त्याबरोबर आलेल्या समुद्राच्या लाटांनी झोडपले गेले, तेव्हा स्वयंसेवकांनी हजारो इमारतींवर नुकसानीचे शेरे मारले. नंतर ते प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहिले असता इमारतींची आखणी उपयोगाची ठरली, परंतु नुकसानीचे शेरे भरवशाचे नाहीत असे दिसून आले. यात स्वयंसेवकांचा आळस नव्हता. जे चित्रात नाही ते त्यांच्याकडून मागितले गेले होते. त्यामुळे कोणी आपल्याला 'मुलांकडून पडलेली घरे मोजून घ्या' असे सुचवले तर ते अभियंत्यांचे काम आहे असे सांगून नम्रपणे नाकारावे, असे माझे मत आहे. चुकून 'सुरक्षित' ठरलेल्या घरात एखादे कुटुंब रात्री परतले तर त्या नोंदीची जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलावर टाकता येत नाही.

यालाही परिस्थितीचे अपवाद आहेत. आपत्ती कोणती आहे यावर बरेच अवलंबून असते. त्सुनामीने किंवा दरडीने वस्तीच्या वस्ती पुसली गेली असेल तर आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून नवखा माणूसही हद्द आखू शकतो. वादळाने उडालेली पत्र्याची छपरे बऱ्यापैकी ओळखू येतात. पुराचे तसे नाही, आणि आपल्याकडे धोका मुख्यतः पुराचा आहे.

गोव्यातील पुराची अडचण दुहेरी आहे. पूर येतो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात आपल्यावर दिवसचे दिवस ढगांचे आच्छादन असते, त्यामुळे नेहमीच्या प्रकाशीय उपग्रहांना खालचे काही दिसत नाही. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात. युरोपचा सेंटिनेल-१ किंवा इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हे त्याच जातीचे. पण रडारला मोकळ्या शेतातले पाणी जितके स्पष्ट कळते तितके इमारतींच्या दाटीतले कळत नाही, कारण भिंतींवरून आणि पाण्यावरून परावर्तित झालेले संकेत एकमेकांत मिसळतात. शिवाय असा उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा जायला काही दिवस लागतात, तर घाटातून उतरलेले पाणी आपल्याकडे काही तासांत चढते आणि ओसरते. २ ऑक्टोबर २००९ रोजी दक्षिण गोव्यातील काणकोणात आलेला पूर असाच तासांच्या हिशेबातला होता. जुलै २०२१ मध्ये म्हादई नदीने सत्तरी तालुक्यात आणि खालच्या गावांत जो धुमाकूळ घातला, त्या वेळीही पाणी नेमके कुठवर पोहोचले होते हे भिंतींवरच्या चिखलाच्या रेषांनीच सांगितले.

थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगतो, कारण ती वर्गात सांगण्याजोगी आहे. जपानसारख्या देशात भूकंपानंतर छपरांवर निळी ताडपत्री दिसली की ते घर नुकसानग्रस्त आहे असा अंदाज बांधता येतो. हाच नियम कोणी गोव्याला लावला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धा डिचोली तालुका उद्ध्वस्त दिसेल. आपण नळ्यांच्या छपरावर, पडवीवर, लाकडे ठेवलेल्या खोपीवर दरवर्षी ताडपत्री घालतो, हे पॅरिसमध्ये बसलेल्या स्वयंसेवकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तसेच, नेपाळच्या डोंगरातले कोणते चौकोन घरांचे आणि कोणते गवताच्या गंजींचे, हे मलाही ठाऊक नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये मी मोठ्या उत्साहाने आखलेल्या 'घरां'पैकी बरीचशी काम तपासणाऱ्याने विनम्र टीप लिहून परत पाठवली होती.

दूरच्या शहरासाठी काम करायचे ठरवलेच तर ते कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. 'हॉट'च्या टास्किंग मॅनेजर या संकेतस्थळावर आपत्तीच्या प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात. एक स्वयंसेवक एक चौकोन आपल्याकडे घेतो, तेवढा वेळ तो इतरांसाठी बंद राहतो, आणि काम झाल्यावर दुसरा अनुभवी माणूस तो तपासतो. प्रत्येक कामाच्या डोक्यावर सूचना असतात: फक्त रस्ते आखा, किंवा फक्त इमारती आखा, आणि अमुकच चित्र वापरा. मुलांनी आधी त्या सूचना वाचाव्यात, यावर मी वर्गात अक्षरशः अडून बसतो, कारण घाईत तेच राहते. आखणी ब्राउझरमध्येच चालणाऱ्या 'आयडी' या संपादकात करता येते, वेगळे काही बसवावे लागत नाही.

दोन तांत्रिक बाबींवर मात्र वेळ द्यावा. पहिली चित्राच्या सरकण्याची. उपग्रहचित्र जमिनीवर तंतोतंत बसलेले नसते, डोंगराळ भागात ते काही मीटर इकडेतिकडे सरकलेले असते आणि ती सरकही जागोजागी वेगळी असते. एकाने एका चित्रावरून रस्ता आखला आणि दुसऱ्याने दुसऱ्या चित्रावरून घरे आखली, तर घरे रस्त्यात येऊन बसतात. म्हणून सर्वांनी एकच चित्र घ्यावे आणि लोकांनी चढवलेले जीपीएसचे माग उपलब्ध असतील तर आधी चित्र त्यांच्याशी जुळवून घ्यावे. दुसरी बाब उंच इमारतींची. चित्र तिरपे घेतलेले असेल तर इमारत कलल्यासारखी दिसते आणि तिचे छप्पर पायापासून बाजूला गेलेले असते. अशा वेळी छपराची आकृती काढून ती ओढून पायावर बसवावी, कारण नकाशात इमारत जिथे जमिनीला टेकते तिथे असायला हवी.

पंधरा संगणकांवर पंचवीस मुले म्हणजे जोड्या लावाव्या लागतील, आणि ते चांगलेच आहे. एकाने आखावे, दुसऱ्याने पाहत राहावे आणि दर अर्ध्या तासाने जागा बदलावी. माझ्या अनुभवात जोडीने केलेल्या कामात चुका कमी होतात. पहिल्या दिवशी मात्र ताज्या आपत्तीचे काम घेऊ नये. भूकंपानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत हजारो नवखे एकदम येतात, एकाच रस्त्यावर दोन-दोन रेषा पडतात, आणि तपासणाऱ्यांचा वेळ नव्याने आखण्यापेक्षा निस्तरण्यात जातो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मिसिंग मॅप्स' या उपक्रमात संकट येण्याआधीच असुरक्षित वस्त्यांचे नकाशे केले जातात. त्यात रेडक्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांसारख्या संस्था 'हॉट'बरोबर काम करतात. मुलांनी हात तिथे बसवून घ्यावा. घाई नसते, शिकायला वाव मिळतो, आणि ज्यांनी ते काम मागितले आहे अशी एखादी संस्था पलीकडे खरोखर असते. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणताही नकाशा हाती घेण्याआधी मी विचारतो की हा नकाशा कोणी मागितला आहे आणि तो छापून कोणाच्या हातात जाणार आहे. याचे उत्तर नसेल तर ते काम चांगला सराव ठरेल, पण त्याला मदतकार्य म्हणू नये.

आता आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध, आणि मला तो पूर्वार्धाहून मोलाचा वाटतो. नेपाळचे उदाहरण पुन्हा घेऊ. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा काठमांडूची अवस्था पोर्ट-ऑ-प्रिन्ससारखी नव्हती, कारण काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या स्थानिक गटातील तरुणांनी आधीची दोन-तीन वर्षे खोऱ्यातील शाळा, इस्पितळे, रस्ते पायी फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर चढवले होते. भूकंपानंतर त्यांनीच जगभरच्या स्वयंसेवकांना कुठे आणि काय आखायचे ते सांगितले, आणि लोकांकडून येणाऱ्या गरजांच्या नोंदींसाठी वेगळा नकाशाही चालवला. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला आणि आदल्या सतरा दिवसांत तयार झालेले नुकसानीचे सगळे नकाशे एका दुपारीत जुने झाले. रस्त्यांचा, शाळांचा आणि नावांचा नकाशा मात्र बहुतांशी तसाच कामाला येत राहिला.

म्हणून डिचोली-साखळीचे काम पावसाळ्याची वाट न पाहता कोरड्या दिवसांत करावे. आपल्या भागाच्या नकाशावर मुख्य रस्ते सापडतील, परंतु पुराच्या वेळी ज्यांच्यावर भिस्त असते त्या लहान गोष्टी बहुतेक ठिकाणी नसतात: साकव, पाण्याखाली जाणारे सखल पूल, मोऱ्या, व्हाळ म्हणजे ओढे, खाजनाचे म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे बांध, त्यांतल्या मानशी म्हणजे पाण्याची दारे आणि दोन वाड्यांना मागच्या मागे जोडणाऱ्या पायवाटा. त्यांतली एकेक गोष्ट विद्यार्थ्यांनी जागेवर जाऊन पाहावी. साकवावरून फक्त माणूस जातो की दुचाकीही जाते, पुलाखालच्या मोरीत कचरा अडकतो का, कोणत्या वळणावर अग्निशामक दलाचा बंब वळू शकत नाही, हे कुठल्याही उपग्रहातून समजत नाही. नकाशाचे छापील तुकडे हातात देऊन त्यावर पेन्सिलीने खुणा करायला सांगितले तर मोबाइल नसलेल्या मुलांनाही सामील होता येते. घरोघरच्या वृद्धांना 'पाणी कुठवर चढले होते' असे विचारून त्या खुणेची जमिनीपासूनची उंची फुटपट्टीने मोजून वर्षासह लिहिली तर ती नोंद पुढे पूररेषा ठरवणाऱ्यांनाही उपयोगी पडते. ती मात्र आपल्या वहीत आणि वेगळ्या तक्त्यात ठेवावी, सार्वजनिक नकाशात घालू नये. का, ते पुढे सांगतो.

नावांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण इथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. गोव्यात पत्ता म्हणजे रस्ता आणि क्रमांक नसतो. घर क्रमांक पंचायतीने दिलेले असतात, पण ते ओळीने सापडतीलच असे नाही, आणि माणसे वाट सांगतात ती वाडा, खुरीस (क्रूस), घुमटी, देऊळ, वड किंवा एखाद्या जुन्या दुकानाच्या आधाराने. कित्येक वर्षांपूर्वी मी एका गावातील वाड्यांची नावे एका सरकारी तक्त्यावरून बिनधास्त चढवली. पुढे त्या गावी गेलो असता एका आजींनी माझ्या मोबाइलवरचा नकाशा पाहून म्हटले, "पुता, ह्या वाड्याक तें नांव कोणूच म्हणना." दोन वाड्यांची नावे मी अदलाबदल करून लिहिली होती, आणि त्यांतल्या एकाचे खरे चालू नाव तक्त्यात नव्हतेच. रात्री पाण्यात अडकलेला माणूस फोनवर जे नाव उच्चारेल ते नाव नकाशात नसेल तर तो नकाशा त्याच्या काहीच कामाचा नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर एकाच ठिकाणाला मराठी नाव, कोंकणी नाव, रोमी लिपीतले नाव, जुने नाव आणि पर्यायी नाव अशा स्वतंत्र नोंदी करता येतात. त्या सगळ्या भराव्यात. केपेचे रोमी स्पेलिंग बाहेरून आलेल्या बचाव पथकातला जवान 'क्वेपेम' असे वाचतो आणि आपण 'केपे' म्हणतो. बिनतारी संदेशात ही दोन निरनिराळी गावे होऊन बसतात. हैतीतही लोकांनी ४६३६ या क्रमांकावर पाठवलेले क्रिओल भाषेतील संदेश वाचून त्यांतल्या जागा ओळखायला परदेशी गेलेले हैतीवासीयच पुढे आले होते. आपल्या मुलांपाशी संगणकाआधी ही भाषा आहे, आणि जगातल्या कुठल्याही स्वयंसेवकाकडे ती नाही.

प्रत्यक्ष पूर आल्यावर काय करायचे? तिसऱ्या प्रकारची, म्हणजे चालू स्थितीची माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या मूळ नकाशात घालू नये. लोक तो नकाशा मोबाइलवर उतरवून ठेवतात आणि ती प्रत कित्येक आठवडे जुनी असू शकते. आज 'रस्ता बंद' लिहिलेले कोणाच्या तरी फोनवर गणेशचतुर्थीपर्यंत बंदच राहील. अशी माहिती वेगळ्या थरावर ठेवावी. 'यूमॅप'सारख्या साधनात ओपनस्ट्रीटमॅपच्या पार्श्वभूमीवर स्वतःच्या खुणा टाकता येतात आणि गरज संपली की तो थर काढून टाकता येतो. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात लोकांनी पाण्याखाली गेलेले रस्ते अशाच एका वेगळ्या नकाशावर दाखवले होते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर लोकांनी मिळून जो नकाशा चालवला, त्यात पाणी कुठे मिळते, कोणते दुकान उघडे आहे अशा नोंदी होत्या, आणि घराबाहेर पडलेल्या माणसाला त्याच हव्या असतात. आपणही 'काय उघडे आहे' यापासून सुरुवात करावी असे मी सुचवेन.

अशा प्रत्येक नोंदीवर वेळ लिहिलेली असावी आणि ती कोणी पाहिली हेही असावे: स्वतः पाहिले, शेजाऱ्याने सांगितले, की व्हॉट्सअॅपवर आले. व्हॉट्सअॅपवर आलेली नोंद मी घेतच नाही. सहा तासांपूर्वीच्या नोंदीचा रंग फिका करावा आणि बारा तासांनंतर ती काढून टाकावी, असा नियम आम्ही आमच्या लहान गटात पाळतो. हे आकडे कुठल्या शास्त्रात नाहीत, आपल्या नद्यांच्या चढउताराचा अंदाज घेऊन आम्ही ते ठरवले आहेत आणि आपल्याकडे ते वेगळे ठरतील. भरती-ओहोटीची वेळही शेजारी लिहून ठेवावी, कारण भरतीच्या वेळी नदीचे पाणी तुंबते आणि दोन तासांपूर्वी चालू असलेला रस्ता बुडू शकतो. आणि हे काम सुरक्षित जागी बसून, फोनवरून आलेल्या माहितीवर करावे. फोटो काढण्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याने पाण्यात उतरू नये, हे पालकांसमोर स्पष्ट करून ठेवावे.

घरांच्या नोंदी सार्वजनिक नकाशात का घालू नयेत, ते आता सांगतो. आपल्याकडे परदेशी किंवा मुंबईला गेलेल्यांची बंद घरे गावोगाव आहेत. 'भिंत पडली आहे, घरात कोणी नाही' असे उघड नकाशावर लिहिणे म्हणजे चोराला पत्ता देणे आहे. पूर ओसरल्यावर नुकसानभरपाईचे पंचनामे तलाठी करतात आणि त्यांत आपल्या नकाशाने ढवळाढवळ केली तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद लागतात, हेही मी पाहिले आहे. आजारी माणूस, एकटी राहणारी वृद्धा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांची माहिती गावाच्या पंचायतीकडे किंवा मामलेदार कार्यालयाकडे कागदावर असावी, इंटरनेटवर कधीही नसावी.

कायद्याचे म्हणाल तर १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे व भू-माहितीसंबंधीची बंधने बरीच सैल केली, आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना अशा कामासाठी पूर्वीसारख्या परवानग्या घ्याव्या लागत नाहीत. तरीही संवेदनशील आस्थापनांपासून दूर राहावे, आणि ड्रोन उडवायचा विचार असेल तर दाबोळी व मोपा या दोन विमानतळांमुळे गोव्याचे आकाश कुठे मोकळे आहे आणि कुठे नाही ते आधी तपासावे. शाळेच्या पातळीवर ड्रोनची गरज नाही. कायद्याहून अधिक वेळा मोडला जातो तो स्वामित्वहक्काचा नियम. गूगलच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नकाशावरून नावे आणि रेषा उतरवून ओपनस्ट्रीटमॅपवर घालता येत नाहीत. असे काम सापडले की ते पुसले जाते, आणि आठवडाभराची मेहनत वाया गेलेली मुले पुन्हा वर्गात येत नाहीत.

पाऊस सुरू झाला की सर्वांत आधी वीज जाते आणि तिच्यामागोमाग नेटवर्क जाते. म्हणून मेअखेर नकाशाच्या मोठ्या आकाराच्या छापील प्रती काढाव्यात, शक्यतो पाण्याने न भिजणाऱ्या कागदावर, आणि त्या नगरपालिका, अग्निशामक दल, मामलेदार कार्यालय आणि गावच्या पंचायतींना नेऊन द्याव्यात. देताना नुसते टेबलावर ठेवून येऊ नये. तिथल्या चालकाला किंवा जवानाला नकाशा उलगडून 'यात काय चुकले आहे' असे विचारावे. वीस वर्षे बंब चालवलेला माणूस पाच मिनिटांत चार चुका दाखवतो आणि त्यानंतर तो नकाशा त्याला आपला वाटतो.

सुरुवात कशी करावी असे विचारलेत, तर एक लहानसा भाग घ्यावा, जास्तीत जास्त दोन वाडे आणि त्यांच्यामधला व्हाळ. पहिल्या शनिवारी मुलांनी संगणकावर तेवढ्या भागातील घरे आणि रस्ते चित्रावरून आखावेत. दुसऱ्या शनिवारी छापील प्रत, पेन्सिल, फुटपट्टी आणि पाण्याची बाटली घेऊन पायी जावे आणि साकव, मोऱ्या, पायवाटा व नावे तपासावीत. तिसऱ्या शनिवारी दोन्हींतला फरक दुरुस्त करावा आणि किती नावे चुकली होती ते मोजावे. तो आकडा मला जरूर कळवा. त्यावरून उरलेल्या तालुक्याला किती महिने लागतील याचा अंदाज आपण दोघे मिळून काढू.